नाव घेण्याआधी

कृष्णपुऱ्यात पुलापासून चार पावलांवर आमचा गायनवर्ग भरतो. खिडकीतून छत्र्यांचे कळस दिसतात. सायंकाळच्या तुकडीस बारा-चौदा मुलेमुली येतात, आणि आम्ही जिना चढून वर जाईपर्यंत कोणी ना कोणी पेटीवर बोटे फिरवीत असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी वरून स्वच्छ भूप ऐकू आला. मध्यम आणि निषाद वर्ज्य, गंधार ठळक; चाल मात्र अगदी अनोळखी. वाजविणारी अकरावीतली एक मुलगी होती. ‘ही बंदिश कोणाकडून उचललीस?’ म्हणून विचारले, तर ती ओशाळून म्हणाली, ‘गुरुजी, बंदिश नाही. जपानी ॲनिमेमधलं गाणं आहे. शाळेतल्या मुलामुलींची गोष्ट असते त्यात.’

यानंतर पंधरवड्याने तिचे वडील आले. गृहस्थ सज्जन, घराणे जुने, बोलणे मोजके. त्यांची तक्रार अशी की मुलगी रात्ररात्र मोबाइलवर ही जपानी चित्रे पाहत बसते, आणि त्यांत दुसरेतिसरे काही नसून शाळकरी पोरापोरींची प्रेमप्रकरणे असतात. मोबाइल त्यांनी काढून घेतला होता. ‘सर, आता गाण्याचा वर्गही बंद करावा म्हणतो,’ ते म्हणाले. ‘इथेही मुलं-मुली एकत्रच बसतात. तुम्ही वडीलधारे, तिला चार शब्द समजवा. तुमचं ऐकते ती.’

आम्ही तेव्हा काहीच बोललो नाही. ज्या गाण्याचा निवाडा करावयाचा ते निदान एकदा ऐकावे, एवढी शिस्त आमच्या वडिलांनी आम्हांस लावलेली आहे. म्हणून त्या दिवसापासून आम्ही विद्यार्थ्यांकडूनच नावे लिहून घेतली, आणि रात्री रियाजानंतर ही चित्रे पाहावयास बसलो. तीन महिन्यांत जे दिसले आणि जे उमगले, ते इंदूरच्या जुन्या दक्षिणी घरांतील आईवडिलांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते सांगू. ‘ॲनिमे’ हा शब्द जपानी लोकांनी ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचा शेपटा तोडून केला आहे. या चित्रांशी आपली ओळख वाटते तितकी नवी नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी सारा वाडा एका खोलीत गोळा होई, तो मोगली जपानी चित्रकारांनीच काढलेला होता. हिंदी शीर्षकगीत तेवढे गुलजारांचे. आजची मुले त्यानंतर डोरेमॉन आणि नोबिता यांच्या संगतीत वाढली. ती मोठी झाली, आणि त्यांच्या आवडीही मोठ्या झाल्या. २०१९ साली माकोतो शिंकाई यांचा ‘तेन्की नो को’ हा चित्रपट आपल्याकडच्या चित्रगृहांत यावा म्हणून हजारो भारतीय तरुणांनी सह्यांचा अर्ज केला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो खरोखरच आला. हा छंद चार उनाड पोरांचा राहिलेला नाही, तो आपल्या घराघरांत येऊन बसला आहे, हे आधी मान्य केलेले बरे.

या चित्रांतला एक मोठा वर्ग शाळेतल्या प्रेमकथांचा आहे. जपानात वरच्या शाळेची वर्षे तीन, वय साधारण पंधरा ते अठरा. म्हणजे आपली दहावी ते बारावी. कथेला सुरुवात बहुधा एप्रिलात होते, कारण तेथील शालेय वर्ष एप्रिलात सुरू होते आणि त्याच सुमारास साकुराची झाडे फुलतात. मग पावसाळा, एका छत्रीतून दोघांनी चालणे. मग उन्हाळी सुट्टी, देवळाची जत्रा, आतषबाजी. शरदात शाळेचे स्नेहसंमेलन, त्यासाठी वर्गाने रात्री उशिरापर्यंत थांबून केलेली सजावट. फेब्रुवारीच्या चौदा तारखेस मुलींनी मुलांना चॉकलेट देण्याची तिकडची रीत, आणि बरोबर एक महिन्याने मुलांनी त्याची परतफेड करण्याची. शेवटी मार्चात निरोपसमारंभ. त्या दिवशी मुलगी मुलाकडे त्याच्या गणवेशाच्या कोटाचे दुसरे बटन मागते, कारण ते हृदयाला सर्वांत जवळचे.

वर्षभराच्या या फेऱ्यात घडते काय, असे विचाराल तर जवळजवळ काहीच नाही. मारामारी नाही, पळून जाणे नाही. बारा-चोवीस भागांची मालिका संपत येते तेव्हा कुठे एकाचा हात दुसऱ्याच्या हातास लागतो. आमच्या त्या पालकमित्रांनी जे ‘चाळे’ कल्पिले होते, ते यांतल्या बऱ्याच कथांत शोधूनही सापडणार नाहीत. आपल्या दूरदर्शन-वाहिन्यांवर जेवणाच्या वेळी साऱ्या कुटुंबादेखत जे चालते, त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाहीत. ज्यांनी बारामासा ऐकला आहे, त्यांना ही रचना परकी वाटू नये. ऋतू पालटतात, आणि मनाची अवस्था त्या ऋतूच्या अंगाने सांगितली जाते.

मग तरुण मन यात इतके का गुंतते? आम्हांला पहिले उत्तर सापडले ते नावांत. जपानी शाळेत मुले एकमेकांना आडनावाने हाक मारतात, आणि पुढे ‘सान’ किंवा ‘कुन’ असा आदराचा वा सलगीचा प्रत्यय जोडतात. केवळ पाळण्यातल्या नावाने हाक मारणे हा जवळिकीचा मोठा टप्पा समजला जातो. त्यामुळे कित्येक कथांचा कळस हा एवढाच असतो की अमक्याने तमकीला पहिल्यांदा नावाने हाक मारली. परक्यास हसू येईल, परंतु आपल्याला येऊ नये. ज्या घरांत आजीने आजोबांचे नाव जन्मात उच्चारले नाही, उच्चारले तर लग्नात आणि डोहाळजेवणात, तेही उखाण्यात गुंफून आणि पदर तोंडाशी धरून, त्या घरांतील माणसांना नावाची किंमत कोणी शिकवावयास नको. ‘नाव घेणे’ हा शब्दप्रयोगच आपला आहे.

शिंकाई यांच्या २०१६ च्या गाजलेल्या चित्रपटाचे नावच मुळी ‘किमि नो ना वा’, म्हणजे ‘तुझे नाव?’ असे आहे. डोंगरातल्या गावची एक मुलगी आणि टोकियोतला एक मुलगा स्वप्नात एकमेकांचे आयुष्य जगतात, आणि जागे झाल्यावर नावे विसरतात. दोघांची भेट होते ती तिन्हीसांजेस. जपानी भाषेत संधिकालाचा एक जुना शब्द ‘तासोगारे’ आहे, आणि त्याचे मूळ ‘तो कोण?’ या प्रश्नात आहे. कारण त्या प्रकाशात समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. नावे विसरू नयेत म्हणून ती एकमेकांच्या तळहातावर लिहावयाची असे ठरते. पुढे मुलगी मूठ उघडून पाहते तो तेथे नाव नसून प्रेमाची कबुली असते. आम्ही पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ. परंतु त्या ठिकाणी आम्हांस चष्मा पुसावा लागला, हे लपवीत नाही.

कारुहो शीना या लेखिकेच्या चित्रकथेवरून २००९ साली निघालेल्या ‘किमि नि तोदोके’ या मालिकेतील सावाको नावाची अबोल मुलगी अशीच. तिचे लांब काळे केस पाहून वर्ग तिला भयपटातल्या एका भुताच्या नावाने चिडवितो, आणि हळूहळू तिचे खरे नावच कोणाच्या लक्षात राहत नाही. एक मुलगा ते नीट उच्चारतो. कथा तेथून सुरू होते. १९९५ साली योशिफुमी कोंदो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मिमि वो सुमासेबा’ या चित्रपटातील शाळकरी मुलगी ग्रंथालयातून जे जे पुस्तक घरी नेते, त्याच्या मागील कार्डावर आधी कोणा एकाच मुलाचे नाव लिहिलेले आढळते. माणूस पाहिलेला नाही, केवळ नाव. आपल्या जुन्या वाचनालयांतील कार्डे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांच्यापैकी किती जणांनी असे एखादे नाव मनात ठेवले असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. त्या मुलाला व्हायोलिन बनविणारा कारागीर व्हावयाचे असते, आणि मुलगी त्याच्या उद्योगाकडे पाहून स्वतः लिहावयास बसते. चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘कान देऊन ऐकाल तर’ असा आहे. गायनवर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा.

दुसरे उत्तर आम्हांस आमच्या विद्येतून मिळाले. जपानी सौंदर्यविचारात ‘मा’ नावाची एक कल्पना आहे. दोन गोष्टींमधील रिकामी जागा, दोन आवाजांमधील शांतता, असा तिचा अर्थ. हायाओ मियाझाकी यांनी एकदा रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाला ती समजावून देताना टाळ्या वाजविल्या, आणि दोन टाळ्यांच्या मध्ये जे असते ते ‘मा’, असे सांगितले. इंदूरकरांस याचे कौतुक वाटेल, नवल वाटू नये. उस्ताद अमीर खाँसाहेब याच शहरात वाढले. त्यांच्या अतिविलंबित झुमऱ्यात दोन स्वरवाक्यांमध्ये जी शांतता असे, तिच्यात श्रोता गवयाइतकाच गात असे. त्यांचा मारवा आठवावा. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यावर सारा डोलारा उभा असतो, आणि षड्ज, जो सर्व स्वरांचे घर, तो गवई पुन्हा पुन्हा टाळतो. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. आता येईल, आता येईल, म्हणून तो वाट पाहतो. आणि अखेर तो स्वर लागतो तेव्हा सभेचा श्वास एकदम सुटतो. या शाळकरी कथांतील प्रेमाची कबुली हा मारव्यातला षड्ज आहे. ती लांबविली जाते म्हणूनच तिला अर्थ येतो. ज्या पिढीविषयी आपण म्हणतो की तिला धीर नाही, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींवर ती जगते, तीच पिढी एका उच्चारासाठी चोवीस भाग वाट पाहत बसते. यातून तिच्याविषयी काही शिकावयाचे की केवळ मोबाइल हिसकावून घ्यावयाचा?

तिसरे उत्तर कडू आहे, आणि ते आपल्या शहराचे आहे. या चित्रांतील खरा नायक मुलगा नव्हे, खरी नायिका मुलगी नव्हे. खरा नायक शाळा आहे. दुपारच्या उन्हात रिकामा झालेला वर्ग, मुलांनीच झाडलेले मजले, संगीतमंडळाची खोली, गच्चीवर बसून उघडलेले डबे. (खऱ्या जपानी शाळांच्या गच्चीस बहुधा कुलूप असते म्हणतात, परंतु कथेस तेवढी मुभा असावी.) आता आपल्या इंदूरकडे पाहा. भंवरकुआ म्हणा, गीता भवन म्हणा, शहराचे भागच्या भाग शिकवणी-वर्गांच्या पाट्यांनी भरलेले आहेत. कित्येक मुलांची नावे अकरावीपासून एका शाळेच्या पटावर असतात आणि ती स्वतः दिवसभर दुसरीकडेच परीक्षेचे प्रश्न सोडवीत असतात. स्नेहसंमेलन नाही, सहल नाही, नाटक नाही, शाळा सुटल्यावर उगाच रेंगाळणे नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीला आम्ही विचारले, ‘तुला त्यात काय आवडतं?’ आमचा कयास होता की ती लाजेल. ती लाजली नाही. म्हणाली, ‘गुरुजी, त्यांना शाळा असते.’

हे उत्तर आम्ही अद्याप पचवितो आहोत. आपण मुलांचे प्रेम काढून घेतले की नाही हा वादाचा विषय होईल, पण त्यांची शाळा आपण काढून घेतली यात वाद नाही. ज्या वयात मैत्री, मत्सर, लाज, अबोला आणि समेट यांचा रियाज व्हावयाचा, त्या वयात आपण त्यांना केवळ उत्तरपत्रिका दिली. मग ती मुले दूरच्या एका बेटावरल्या शाळेत रात्री अकरा वाजता जाऊन बसतात, यात अपराध कोणाचा?

कोणी म्हणेल, हे सारे परकीयांचे कौतुक झाले. आपल्यात असे कधी नव्हते. तेही खरे नाही. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली, आणि सुजय डहाके यांनी तिच्यावर केलेला चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आणीबाणीच्या दिवसांतील नववीचा वर्ग, त्यातला जोशी, आणि त्याच्या मनात भरलेली शिरोडकर. वाचकांनी ध्यानात घ्यावे की तिला सारे आडनावानेच ओळखतात. त्या कथेतही घडते थोडे, आणि उरते पुष्कळ. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना जपानी मालिकेचा गाभा अर्ध्या तासात कळेल. फरक एवढाच की आपल्याकडे अशी कथा वीस वर्षांतून एखादी निघते, आणि तिकडे दर ऋतूला नवी. आपल्या मुलांची भूक त्या एका ताटावर कशी भागावी?

आणखी एक आठवण देतो, कारण जपान आणि मराठी मुलगी यांचा संबंध कालपरवाचा नाही. टोकियोत १९०१ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती आली, आणि तिच्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते विद्यापीठ उभे राहिले. त्या वेळीही पुष्कळ सभ्य माणसांस वाटले होते की मुली एवढ्या शिकल्या म्हणजे बिघडतील. त्या सभ्य माणसांच्या पणत्या आज त्याच शिक्षणावर मिळवत्या आहेत. जपानकडून आलेली प्रत्येक गोष्ट उत्तमच असते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. भीती पहिल्यांदाच वाटते आहे असे समजू नये, एवढेच सांगावयाचे आहे.

दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर हा लेख वकिली ठरेल. या चित्रांत साचेबंदपणा फार. मुलगा नेहमी खिडकीजवळच्या मागच्या बाकावर, मुलगी नेहमी धडपडणारी. रडविण्यासाठी नायिकेला असाध्य रोग लावण्याची खोड तर आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांनाही लाजवील. काही मालिकांत मुलींचे कपडे आणि शरीर ज्या नजरेने दाखविले जाते ती नजर शाळकरी नसते, प्रौढ पुरुषांची असते, आणि ती किळसवाणी आहे. आईबाप या कथांतून गायबच असतात. जणू सोळा वर्षांची मुले आकाशातून पडली. शिवाय चित्रात प्रेम सुंदर असले म्हणजे समाजात ते सोपे होते असेही नाही. ज्या देशात या कथा दर वर्षी डझनांनी निघतात, त्या देशात २०२४ साली सात लाखांहूनही कमी मुले जन्मली. लग्ने घटली आहेत, एकटेपणा वाढला आहे. शाळेच्या फाटकाबाहेर प्रेमाचे काय होते, हे या कथा क्वचितच सांगतात. तेव्हा चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते हे निवडण्यास कोणी तरी वडीलधारे शेजारी बसावयास हवे. परंतु निवडणाऱ्याने आधी पाहिले पाहिजे.

चांगल्यांपैकी आणखी दोनच सांगतो. नाओको यामादा यांचा २०१६ चा ‘कोए नो काताची’ हा चित्रपट. त्यात लहानपणी एका बहिऱ्या मुलीचा छळ केलेला मुलगा मोठेपणी हातांच्या खुणांची भाषा शिकून तिची क्षमा मागावयास जातो. शाळांतून होणाऱ्या छळाविषयी शंभर व्याख्यानांनी जे होणार नाही, ते या एका चित्रपटाने होईल. आणि दुसरी, नाओशी आराकावा यांच्या चित्रकथेवरची २०१४-१५ ची बावीस भागांची ‘शिगात्सु वा किमि नो उसो’. अर्थ, ‘एप्रिलातले तुझे खोटे’. हिच्याविषयी लिहिताना आमचा हात जरा थांबतो.

त्यातला मुलगा पियानो वाजवितो. त्याला शिकविणारी त्याची आई. आजारी, कठोर, चूक झाली की छडी मारणारी. ती वारते, आणि त्या दिवसापासून मुलाला स्वतःच्या पियानोचा आवाजच ऐकू येईनासा होतो. बोटे चालतात, कान बंद. त्याला पुन्हा ऐकू येऊ लागते ते व्हायोलिन वाजविणाऱ्या एका मुलीमुळे. आमचे वडील दरबारी गवयांच्या शेवटच्या पिढीतले. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते. आम्ही त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. दरबार गेला तरी दरबारी शिस्त गेली नव्हती. सूर हलला की पानदानाचे झाकण आमच्या बोटांवर बसे. त्यांनी आम्हांस जे दिले त्यावर आमचे पोट आहे, म्हणून तक्रार करीत नाही. परंतु भीतीने कान बंद होतात म्हणजे काय होते, ते आम्हांला जपानी चित्रकाराने सांगावयाची गरज नव्हती.

त्याच काळात वडिलांकडे एक मुलगी शिकावयास येई. वय आमच्याएवढेच, सोळा. तिचा आवाज आम्हां सर्वांहून सरस होता. वडील कोणाची स्तुती करीत नसत, तिची करीत. ती गात असताना मागे तंबोरा आमच्याकडे असे. दोन वर्षांत तिच्याशी आम्ही बोललो असू ती वाक्ये एका पानावर मावतील. तिचे नाव आम्ही कधी घेतले नाही. एकदा तिच्या वहीत आमच्या हातची एक चिठी कोणास सापडली. तीत तिने मागितलेला एक अंतरा उतरवून दिलेला होता, त्याहून अधिक एक अक्षर नव्हते. परंतु वाड्यात कुजबुज झाली, आणि पुढच्या सोमवारी ती आली नाही. नंतर कधीच आली नाही. आमच्यात काही होते की नव्हते, हे आज आम्हांसही सांगता येणार नाही. ते कळण्याइतका अवधीच कोणी दिला नाही. आमचे काय झाले ते महत्त्वाचे नाही. तिचे गाणे थांबले. पुढे दुसऱ्या गावी संसारात ती सुखी आहे असे ऐकतो. गात नाही असेही ऐकतो.

म्हणून त्या पालकांना काय उत्तर द्यावयाचे याविषयी आम्हांला आता संदेह उरलेला नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, ‘मोबाइलचं तुम्ही ठरवा, रात्रीचं जागरण आम्हालाही पसंत नाही. पण तिचं गाणं बंद करू नका. आणि एक रविवार काढून तिच्या शेजारी बसून एक चित्रपट पाहा. मग जे म्हणाल ते आम्ही तिला समजावू.’ ते म्हणाले, ‘विचार करतो.’ तिच्या आईने मात्र स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, ‘कुठला पाहू, सर?’ आम्ही ग्रंथालयाच्या कार्डांचा तो चित्रपट सांगितला.

इंदूरच्या जुन्या घरांतील पालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. मूल जेव्हा अशी गोष्ट लपूनछपून पाहते तेव्हा ते आपल्या घरात न मिळालेले काहीतरी शोधीत असते: बोलावयास कोणी, रेंगाळावयास जागा, आणि लाज वाटली तरी हसणार नाही असा ऐकणारा. मोबाइल काढून घेतल्याने तो शोध संपत नाही, फक्त आपल्याला दिसेनासा होतो. आपण सर्वांनी त्या वयात कोणाचे तरी नाव मनात घेतले आहे. ते मुलांना सांगावयाचे धाडस करा. सारे नका सांगू, थोडे सांगा. शाळांच्या चालकांनी स्नेहसंमेलन, नाटक, गाण्याची खोली परत आणावी. शिकवणीला पाठविणाऱ्यांनी आठवड्यातला एक दिवस तरी मुलांना सुट्टी द्यावी. परीक्षा देऊन झाल्यावर जगावयाचे असते ते आयुष्य, आणि त्याचा रियाज आधीच करावा लागतो.

त्यांचा तो रविवार झाला की नाही, आम्ही विचारले नाही. मुलगी मंगळवारी वर्गास आली. मोबाइल अजून परत मिळालेला नाही, असे तिच्या मैत्रिणींकडून कळले. तिने पेटी ओढली आणि तीच जपानी चाल पुन्हा वाजविली. जपानी संगीतात चौथा आणि सातवा स्वर वगळून केलेल्या स्वरपंक्तीला ‘योनानुकी’ म्हणतात, म्हणजेच आपला भूप, हे आम्ही त्या दिवशी वर्गास सांगितले. मग त्याच स्वरांत एक छोटा ख्याल सांगावयास घेतला. तिला अंतऱ्यात वरचा षड्ज लवकर हवा होता. थोडे थांब, असे तिला सांगितले.